कोंड्याच्या पोत्यांमागचे शालिकभाऊ

शालिकभाऊंनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मी ड्रम मांडून बसलो, तसे ते सरळ जमिनीवर गुडघे टेकून बसले. डाव्या कानात बोट घातलं, उजवा कान माझ्या स्नेअरच्या, म्हणजे गुडघ्यांसमोरच्या चपट्या ड्रमच्या, काठाशी चार बोटांवर आणला आणि म्हणाले, "हाण." मी घाबरत घाबरत स्नेअरवर काठी टेकवली. त्यांनी मान हलवली. "इथं नोको बे. झांजेवर हाण." मी झांजेवर मारलं. त्यांनी डोकं दोन बोटं खाली नेलं. "अजून हाण." मग थोडं डावीकडे, थोडं मागे. साठीला आलेला माणूस माझ्या ड्रमभोवती गुडघ्यांवर रांगत होता आणि मी मुकाट्याने झांज बडवत होतो. शेवटी एका जागी ते थांबले, हवेतच बोट रोवलं आणि म्हणाले, "माइक इथं."

हा काय प्रकार आहे ते मला पुढे कळलं. ड्रमच्या एका संचाला सहा माइक लागतात. स्नेअरचा वेगळा, पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा वेगळा, असे. पण प्रत्येक माइक शेजाऱ्याचं बोलणंही ऐकतो. स्नेअरच्या माइकमध्ये झांजा शिरतात आणि एकदा शिरल्या की बाहेर काढता येत नाहीत. शालिकभाऊ याला 'सांडणं' म्हणत. म्हणून माइक लावण्याआधी ते त्या जागी स्वतःचा कान लावून बघत आणि जिथे नको तो आवाज सगळ्यात कमी येतो ती जागा शोधत. "काय आयकाचं हे कोनालेई समजते," ते म्हणायचे, "काय नाही आयकाचं, ते शिकाले जनम जाते."

त्यांची रेकॉर्डिंगची खोली तुमसरला, एका तांदळाच्या मिलच्या मागे होती. आधी ते बारदान्याचं गोदाम होतं. मिल चालू असली की तिथली जमीन थरथरायची, म्हणून रेकॉर्डिंग फक्त मंगळवारी, मिलच्या सुट्टीच्या दिवशी. भिंतींना शालिकभाऊंनी धानाच्या कोंड्याने भरलेली पोती छतापर्यंत रचली होती. शहरात लोक आवाज शोषून घ्यायला महागडा फोम लावतात. "फोम कोनाच्या बापानं पाह्यला," ते म्हणत, "कोंडा आवाज खाते. अन् मिलवाला म्हन्ते, घेऊन जा बाप्पा, जागा मोकळी होते." मी सानगडीचा, शेतकऱ्याच्या घरचा. आमच्याकडे बैल, मोटरपंप, कोणाच्या तरी घरचा टीव्ही, काही ना काही चालू असतंच. त्या खोलीचं दार बंद झालं आणि मला माझ्या गळ्यातून थुंकी खाली उतरलेली ऐकू आली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, झाडीपट्टीच्या नाटकांत दोन हंगाम ड्रम वाजवून आलो होतो, पण खरं सांगतो, मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"भेलास?" शालिकभाऊ हसले. "अजून तर तुले तुहं वाजवणं आयकवाचं हाय."

ते त्याहून वाईट होतं. मंचावर सगळं एकत्र वाजतं, त्यात आपल्या चुका दडून जातात. शालिकभाऊ एकेक माइक वेगळा काढून ऐकवायचे. नुसता स्नेअर. नुसता पायाचा ड्रम. हेडफोनमध्ये माझा पाय तालाच्या मागे रेंगाळत होता, ठोके एकसारखे पडत नव्हते, आणि ते चष्मा कपाळावर चढवून माझं तोंड पाहत होते. मी रडकुंडीला आलो तेव्हा म्हणाले, "घाबरू नोको. सायाचे सारे असेच वाजवते. फक्त त्यायले कोनी आयकवत नाही."

त्यांच्या युक्त्या अशा, की नवा माणूस आधी हसायचा. स्नेअर आणि हायहॅट, म्हणजे पायाने उघडझाप करायच्या दोन झांजा, यांच्यामध्ये ते एक बांबूचं सूप टांगत. धान पाखडायचं, घरातलं. त्याला आतून वहिनींच्या जुन्या लुगड्याचे चार पदर शिवलेले. एका गायिकेने ते पाहून विचारलं होतं, "भाऊ, ड्रम पाखडता का?" भाऊ गंभीरपणे म्हणाले, "हो जी. कचरा लय असते." दोन माइकमधलं अंतर ते वितीने मोजत. माइक ड्रमपासून एक वीत असेल, तर शेजारचा माइक तीन विती दूर हवाच. "माइकलेबी पाठ असते," असं ते सांगायचे. "पाठीकडून तो बहिरा असते. ज्याचं आयकाचं नाही त्याच्याकडं पाठ कर, भांडन मिटलं." संगणकावर नको तो आवाज कापून टाकायची सोय होती, पण तिच्यावर त्यांचा राग होता. त्यात ठोक्याची शेपटी कापली जाते म्हणायचे.

आणि सगळ्यात मोठी युक्ती वाजवणाऱ्याच्या हातात असते, असं त्यांचं मत होतं. गोंदियाकडचा एक ड्रमवाला झांजांवर असा तुटून पडायचा की कुठलंच सूप त्याला पुरेना. भाऊंनी तीनदा समजावलं. चौथ्या वेळी उठले, त्याच्या झांजा काढल्या आणि आत नेऊन वहिनींच्या ताब्यात दिल्या. "दोन गाने बिनझांजेचे वाजव. मंग पाहू." तो बिचारा हवेत काठ्या मारत बसला. संध्याकाळी झांजा परत मिळाल्या तेव्हा त्याचा हात आपोआप हलका पडला होता.

मी त्या खोलीत सोळा वर्षं वाजवलं. भाऊंची भीती कधी गेली नाही, पण ती हवीहवीशी होती. नंतर जी भीती बसली ती निराळी होती.

दोन वर्षांपूर्वीचा मंगळवार. दिवाळीनंतर झाडीपट्टीचा हंगाम सुरू होतो, त्याआधीच्या गाण्यांचं काम. भाऊ नेहमीसारखे गुडघ्यांवर बसले, कानात बोट घातलं, मला झांज वाजवायला लावली आणि एका जागी बोट रोवलं. मी बघतच राहिलो. त्या जागी माइक ठेवला की त्याचं तोंड सरळ हायहॅटकडे होत होतं. मला वाटलं, भाऊंना आज काही वेगळं करायचं असेल. गाणं वाजवून झालं. त्यांनी डोळे मिटून स्नेअरचा माइक ऐकला, मग हेडफोन माझ्याकडे दिला. "साफ. एक थेंब नाही सांडला."

मी हेडफोन कानाला लावला. स्नेअर कमी आणि हायहॅटच जास्त होता. पत्र्यावर वाळू ओतावी तसा तो सगळ्या गाण्यावर पसरला होता. हा माणूस एका थेंबासाठी अख्खा दिवस घालवायचा आणि त्याच्यासमोर घडा उपडा झाला होता, त्याला पत्ता नव्हता. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खुशीत होते, दाद मिळायची वाट बघत होते.

"हो भाऊ," मी म्हणालो. "साफ आहे."

त्या दिवसापासून मी त्यांना फसवायला लागलो. ते चहाला बाहेर गेले की हायहॅटचा दांडा वीतभर उंच करायचा. ते संगणकापाशी गेले की माइक हळूच फिरवायचा. झांजांना इतका हलका हात लावायचा की जणू कोणी झोपलं आहे. रेकॉर्डिंग ठीक येई. भाऊ म्हणत, "आजकाल तू सुधरून राहिला." मी घरी जाताना रस्ताभर घाबरलेला असे. आज निभावलं, पुढच्या मंगळवारी काय? एकदा माइक फिरवताना ते अचानक दारात उभे दिसले. "माइकले हात कोनं लावला?" मी म्हणालो, "काठी लागली, भाऊ." त्यांनी एकदा माइककडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते आत गेले.

यंदा एका नाटक मंडळाचे मालक आले. त्यांना हंगामाची सगळी गाणी एकाच खोलीत, एकाच वेळी, मंचावर वाजतात तशी हवी होती. गायक, ऑर्गन, ढोलक, ड्रम, सगळे समोरासमोर. वेगवेगळं वाजवून मग जोडायचं नाही. अशा कामात गायिकेच्या माइकमध्ये ड्रम सांडला तर तो कायमचा. भाऊंचे डोळे चमकले. "सायाचं जिंदगीभर याचीच वाट पाहून राहिलो होतो," ते म्हणाले. पुढच्याच्या पुढचा मंगळवार ठरला. ड्रमचे सहा माइक मी चोरून सांभाळले असते, पण इथे चौदा माइक असणार होते, मंडळाची वीस माणसं समोर बसणार होती आणि भरवसा फक्त भाऊंच्या कानांचा. ती गाणी दिवाळीनंतर गावोगाव वाजणार होती. चाळीस वर्षांच्या नावाचं एका दिवसात हसं झालं असतं आणि ते का झालं हे त्यांना एकट्यालाच कळलं नसतं.

मी इंदुवहिनींकडे गेलो. दुपारची वेळ होती. वहिनी पडवीत तांदूळ निवडत होत्या, भाऊ आतल्या खोलीत तारा जोडत बसले होते. त्यांच्या मांडीजवळचा मोबाइल कर्कश वाजायला लागला. वाजून वाजून बंद झाला. भाऊंनी मान वर केली नाही. वहिनी माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "पाह्यलं ना भाऊजी? बोललेलं आयकू येते, पण शिटीवानी बारीक आवाज नाही येत. दोन वर्सं झाले."

"मग सांगितलं काहून नाही त्यायले?"

"माह्यानं नाही सांगवत." त्यांचे हात तांदळात थांबले. "मले भेव वाटते. सांगतलं अन् ते उद्यापासून त्या खोलीत गेलेच नाही तं? घरात बसून काय करन हा मानूस? तुमचं आयकते ते. तुमीच सांगा."

सांगायची हिंमत मलाही नव्हती. मी बहाणा काढला. भाऊंना म्हणालो, माझ्याच कानात शिट्टी वाजल्यासारखी होते, भंडाऱ्याला कान तपासायला सोबत चला. ते लगेच तयार झाले. दवाखान्यातल्या बाईंना मी आधीच फोन करून सांगून ठेवलं होतं. कान तपासायची एक लाकडी खोली असते, कपाटाएवढी, काच लावलेली. आत बसायचं, हेडफोन लावायचा आणि आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. माझी तपासणी झाली. बाईंनी कागद पुढे केला आणि म्हणाल्या, "डावा कान उतरलाय तुमचा. हायहॅट म्हणता ते काय, ते याच बाजूला असतं का?" मी सोंग घेऊन गेलो होतो आणि ते खरं निघालं.

मग बाई ठरल्याप्रमाणे भाऊंना म्हणाल्या, "आलातच आहात तर तुम्हीही बसा, काका." भाऊंचा चेहरा उतरला, पण परक्या बाईसमोर नाही म्हणवेना. ते आत बसले. मी काचेतून त्यांच्या बोटाकडे पाहत होतो. बोट बटण दाबत होतं. प्रत्येक वेळी, वेळेवर. कागदावरची रेघ जवळपास सरळ आली. बाई म्हणाल्या, "या वयात असे कान मी पाहिले नाहीत."

मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या डोक्यात भलतंच सुरू झालं. कान माझे उतरलेले, भाऊंचे शाबूत. म्हणजे हायहॅट सांडला तो माझ्या कानात, माइकमध्ये नाही? दोन वर्षं मी एका धडधाकट माणसाच्या कामात लुडबुड करत होतो? मग मोबाइलचं काय? एसटीत बसलो तेव्हाही डोक्यात हेच चालू होतं.

भाऊ खिडकीशी बसले होते. भंडारा मागे पडलं. मग माझ्या खिशातून माझा कागद काढून त्यांनी त्यावरच्या रेघेवरून बोट फिरवलं. डाव्या कानाची रेघ जिथे खाली घसरली होती तिथे बोट थांबलं.

"शिटी कवापासून वाजून राहिली?"

"वाजत नाही भाऊ," माझ्या तोंडून निघून गेलं. "मी खोटं बोललो. तुमचे कान तपासाचे होते."

मला वाटलं, आता हे मला पुढच्या थांब्यावर उतरवतील. ते म्हणाले, "मालूम हाय. माइक कोन फिरवते तेबी मालूम हाय." मग माझा कागद घडी घालून माझ्या खिशात परत ठेवला. "आता माहं आयक. माहा कागद खोटा हाय. त्या पेटीचं दार सांडते, विलास. खालच्या बाजूनं रबर सुटलं हाय. बाई दर वेळी बटन दाबे तं टेबलावर टक् होये. ते टक् जाडं, मले आयकू येये. टक् झालं का मी दाबो. शिटी तं येकबी नाही आली."

"काहून दाबलं मग?"

"भेव." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "लय भेव वाटते बे. सकाळी उठलो का पाखरं असतेत, मले मालूम हाय असतेत, पण मी आयकत नाही. म्या कोनाले नाही सांगतलं. वाटलं, नाही सांगतलं तं नसन झालं. पन तुह्या कानाचंबी तेच होऊन राहिलं, अन् तुले सांगाले कोनी नाही. मी सांगतो तुले. कापूस घालत जाय." मग ते म्हणाले, "त्या मंगळवारचं काम कराचं का नाही, ते खऱ्या कागदावर ठरवू. पन पयले ते दार."

शुक्रवारी आम्ही पुन्हा गेलो. पिशवीत रबराची पट्टी, कात्री, चिकटवायचा डबा. बाईंना भाऊ म्हणाले, "ताई, तुमच्या पेटीचं दार आवाज धरत नाही. दहा मिनिटं द्या, मी करून देतो." बाई गोंधळल्या, पण हो म्हणाल्या. जुनं रबर ओढून काढत भाऊ गुडघ्यांवर बसले. पट्टी कापली, बसवली. मग मला म्हणाले, "आत बस. ताई टक् करतीन. आयकू येते का सांग." माझ्या सोळा वर्षांत पहिल्यांदा ऐकायचं काम त्यांनी मला दिलं.

मी आत बसलो, दार लागलं. काचेपलीकडे बाईंनी बटण दाबलं. अगदी हलकं टक् अजून येत होतं, दाराच्या बिजागरीकडून. मी बाहेर पाहिलं. भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते. मी बंद झालं म्हटलं असतं, तर संपलं असतं. तेवढी फट राहिली असती, कदाचित पुन्हा सरळ रेघ आली असती, मंगळवारी ते चौदा माइकांमध्ये राजासारखे उभे राहिले असते, आणि पुढचं पुढे बघता आलं असतं. खोटं बोलायची मला सवय झालीच होती. माझं काळीज इतकं धडधडत होतं की तेवढ्याने ते टक् बुडेल असं वाटलं.

मी दार उघडलं. "येते भाऊ. बिजागरीकडून."

त्यांनी मान हलवली, तिथे आणखी एक पट्टी बसवली आणि मला पुन्हा आत पाठवलं. या वेळी काहीच आलं नाही. मी तसं सांगितलं. त्यांनी हात पुसले, चष्मा काढून माझ्याकडे दिला आणि आत जाऊन बसले. दार ओढलं ते गच्च लागलं. मी बाईंच्या खुर्चीमागे उभा राहिलो.

सुरुवातीचे जाडे आवाज होते. आतलं बटण दाबलं की यंत्रावर एक हिरवा दिवा लागे, तो लागत होता. मी देवाचं नाव घेत होतो. मग बाईंनी शिट्टीसारखा बारीक आवाज लावला. दिवा लागला नाही. त्यांनी तोच आवाज मोठा केला. दिवा नाही. आणखी मोठा. भाऊ ताठ बसले होते, डोळे मिटलेले, बोट बटणावर, गाणं तपासताना बसत तसे. बाईंनी आणखी वरच्या पट्टीचा आवाज लावला, मग त्याच्याही वरचा, आणि शेवटी यंत्राचा काटा टोकाला नेला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, भाऊ, दाबा, आत्ता दाबा. मी बाईंच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभा होतो.

भाऊंनी डोळे उघडले. काचेतून आमच्याकडे पाहिलं आणि काहीतरी विचारलं. दार इतकं चोख बसलं होतं की एक अक्षर बाहेर आलं नाही. पण त्यांच्या ओठांवरून मला कळलं. ते बाईंना विचारत होते, "थांबल्या काहून जी?"

बाई थांबल्या नव्हत्या.